थीम पार्कमधील गर्दी आणि कौटुंबिक सहलीचे नियोजन

थीम पार्क म्हणजे एखाद्या कथेच्या, कालखंडाच्या किंवा कल्पनेच्या सूत्राभोवती रचलेले आणि सहसा एकाच प्रवेश तिकिटावर दिवसभर वापरता येणारे मनोरंजन उद्यान होय. सुट्टीच्या दिवशी अशा उद्यानात हजारो कुटुंबे एकाच वेळी येतात. त्यामुळे राइड, खाद्यगृहे, स्वच्छतागृहे आणि वाहनतळ या सर्वांवर ताण येतो. गर्दीच्या दिवशी एका कुटुंबाच्या वाट्याला किती राइड येतील, हे प्रामुख्याने उद्यानाची ताशी क्षमता आणि त्या दिवशीची उपस्थिती यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. हे गुणोत्तर बदलणे कुटुंबाच्या हाती नसते. मात्र दिवस व वेळ यांची निवड, राइडचा अग्रक्रम आणि लहान मुले व वृद्ध यांच्या विश्रांतीची सोय या गोष्टी त्याला ठरवता येतात. सहलीचे नियोजन मुख्यतः याच तीन बाबींचे असते.

गर्दी व्यवस्थापनाच्या बहुतेक प्रचलित पद्धती अमेरिकेतील डिस्ने कंपनीच्या उद्यानांत प्रथम वापरल्या गेल्या किंवा तेथे विकसित झाल्या. त्यामुळे या लेखात फ्लोरिडा राज्यातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड संकुलातील 'मॅजिक किंग्डम' हे उद्यान प्रमुख उदाहरण म्हणून घेतले आहे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झालेले हे उद्यान जगातील सर्वाधिक उपस्थितीच्या थीम पार्कांपैकी एक आहे. थीम्ड एंटरटेनमेंट असोसिएशन या संस्थेच्या अहवालानुसार २०२३ मध्ये तेथे सुमारे १ कोटी ७७ लाख भेटींची नोंद झाली. ही संख्या वर्षाच्या दिवसांवर समान वाटली तर रोजची सरासरी सुमारे ४८,५०० इतकी येते. प्रत्यक्षात ती समान वाटली जात नाही, आणि गर्दीचा प्रश्न त्यातूनच उद्भवतो.

पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँडचे उद्घाटन झाले. तो दिवस केवळ निमंत्रितांसाठी होता. परंतु बनावट निमंत्रणपत्रांमुळे अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक, सुमारे २८,००० लोक आत आले. कडक उन्हामुळे नुकताच घातलेला डांबरी रस्ता मऊ पडला. नळकारागिरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे अनेक नळ सुरू होऊ शकले नव्हते. काही राइड बंद पडल्या आणि खाद्यपदार्थ संपले. प्रवेशावरील नियंत्रण, पाणी, सावली आणि राइडची क्षमता यांचा एकत्रित विचार केल्याशिवाय असे उद्यान चालवता येत नाही, हे या दिवसाने दाखवून दिले.

सुरुवातीच्या काळात प्रवेश तिकिटाखेरीज प्रत्येक राइडसाठी स्वतंत्र कूपन लागे. १९५५ च्या अखेरीस कूपनांच्या पुस्तिका विक्रीस आल्या. त्यांत राइडच्या लोकप्रियतेनुसार वर्ग पाडलेले होते. सर्वांत आकर्षक राइडसाठीचा 'ई' वर्ग १९५९ मध्ये सुरू झाला. या पुस्तिकेत 'ई' वर्गाची कूपने मोजकीच असल्याने पाहुण्यांना ती जपून वापरावी लागत आणि उरलेल्या कूपनांसाठी ते लहान राइडकडे वळत. किमतीच्या साहाय्याने गर्दी उद्यानभर विखुरण्याची ही एक पद्धत होती. १९८२ मध्ये ती बंद होऊन एकाच तिकिटात सर्व राइड देण्यात आल्या. त्यानंतर लोकप्रिय राइडवर पैशाचा अंकुश राहिला नाही आणि त्याची जागा रांगेने घेतली.

राइडची रचनाही गर्दीच्या अनुभवातून बदलत गेली. १९६४–६५ च्या न्यू यॉर्क जागतिक मेळाव्यासाठी डिस्नेच्या कारागिरांनी 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' ही पाण्यावरून संथ गतीने जाणाऱ्या बोटींची राइड तयार केली. एकामागून एक सुटणाऱ्या बोटींमुळे प्रवाशांचा ओघ थांबत नसे. 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' हे आकर्षण मुळात पायी फिरून पाहण्याचे ठरले होते. ते पुढे बोटीतून पाहण्याचे करण्यात आले व १९६७ मध्ये खुले झाले. 'हाँटेड मॅन्शन' या १९६९ मधील राइडमध्ये आसनांची अखंड साखळी न थांबता फिरत राहते आणि लोक सरकत्या पट्ट्यावरून तीत चढतात. सततच्या ओघामुळे अशा राइडची ताशी क्षमता मोठी असते, तर चढउतारासाठी दर वेळी थांबणाऱ्या लहान पाळण्यांची क्षमता कमी असते. लहान मुलांच्या साध्या दिसणाऱ्या राइडची रांग अनेकदा मोठ्या राइडइतकीच लांब का असते, याचे स्पष्टीकरण या फरकात सापडते.

गर्दीचा काळ

थीम पार्कमधील गर्दी शाळांच्या वेळापत्रकाशी जोडलेली असते. अमेरिकेत नाताळ ते नववर्ष हा आठवडा, मार्च–एप्रिलमधील वसंत सुट्टी, नोव्हेंबरमधील थँक्सगिव्हिंगचा आठवडा आणि उन्हाळी सुट्टी हे ठळक गर्दीचे काळ मानले जातात. शाळा सुरू झाल्यानंतरचा सप्टेंबर आणि जानेवारीच्या मध्यानंतरचे कामाचे दिवस तुलनेने मोकळे असतात. जपानमध्ये एप्रिलअखेर व मेच्या आरंभी येणारा 'गोल्डन वीक', तर चीनमध्ये चांद्र नववर्ष आणि ऑक्टोबरच्या आरंभीची राष्ट्रीय दिनाची सुट्टी यांत गर्दी उसळते.

एकाच दिवसातही गर्दीचा चढउतार होतो. उद्यान उघडल्यानंतरचा पहिला तास सर्वांत मोकळा असतो. सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत रांगा सर्वाधिक लांबतात. संध्याकाळी लहान मुलांची कुटुंबे परतू लागतात, तसेच मिरवणूक किंवा आतषबाजीच्या वेळी बरेच लोक एका ठिकाणी जमतात. त्यामुळे इतरत्र रांगा काही काळ ओसरतात.

रांगेचे गणित

रांगांचा शास्त्रीय अभ्यास डेन्मार्कमधील अभियंते आग्नेर क्रारुप एरलांग यांच्या दूरध्वनी केंद्रांवरील संशोधनातून सुरू झाला. त्यांचा या विषयावरील पहिला निबंध १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला 'लिटलचा नियम' थीम पार्कलाही लागू पडतो. स्थिर स्थितीतील व्यवस्थेत असलेल्या माणसांची सरासरी संख्या ही त्यांच्या येण्याचा दर आणि त्यांनी तेथे घालवलेला सरासरी वेळ यांच्या गुणाकाराइतकी असते, असा हा नियम आहे.

त्यावरून साधा अंदाज बांधता येतो. एखादी राइड तासाला १,२०० लोकांना नेत असेल आणि रांगेत पुढे ९०० लोक असतील, तर प्रतीक्षा सुमारे ४५ मिनिटांची होईल. तासाला ४०० लोक नेणाऱ्या राइडसमोर तेवढेच लोक असतील, तर प्रतीक्षा सव्वादोन तासांची होईल. म्हणून रांगेची लांबी डोळ्यांनी मोजून अंदाज करणे फसवे ठरते. रांग किती वेगाने पुढे सरकते, हे अधिक महत्त्वाचे असते.

संपूर्ण उद्यानाचेही असेच गणित मांडता येते. समजा, एका उद्यानातील सर्व राइड व प्रयोग मिळून तासाला ३०,००० जागा उपलब्ध आहेत आणि आत ४०,००० लोक आहेत. प्रत्येक जागा भरली तरी माणशी ताशी पाऊण जागाच वाट्याला येते, म्हणजे दहा तासांत सरासरी सात ते आठ. त्याच उद्यानात २०,००० लोक असतील तर सरासरी दुप्पट होते. गर्दीच्या दिवशी वीस राइडची यादी घेऊन आलेल्या कुटुंबाची निराशा होण्यामागे हे साधे भागाकाराचे कारण असते. काही कुटुंबे उत्तम नियोजनामुळे सरासरीहून अधिक राइड साधतात. पण एकूण जागा तेवढ्याच असल्याने इतर कोणाच्या तरी वाट्याला त्याहून कमी येतात.

प्रतीक्षेचे मानसशास्त्र

घड्याळातील वेळ आणि जाणवणारा वेळ यांत फरक असतो. व्यवस्थापनतज्ज्ञ डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये प्रतीक्षेच्या मानसशास्त्राविषयी काही तत्त्वे मांडली. रिकामा वेळ गुंतलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, अनिश्चित प्रतीक्षा निश्चित प्रतीक्षेपेक्षा अधिक जाचते, कारण न सांगितलेला विलंब असह्य होतो आणि अन्याय्य वाटणारी रांग सर्वांत लांब वाटते, ही त्यांतील प्रमुख तत्त्वे होत. सेवेविषयीचे समाधान हे अपेक्षा आणि प्रत्यक्ष अनुभव यांतील अंतरावर ठरते, असेही त्यांनी म्हटले आहे.

थीम पार्कच्या रचनेत या तत्त्वांचा सर्रास वापर होतो. रांगेला नागमोडी वळणे दिलेली असतात. त्यामुळे थोड्या जागेत अनेक लोक मावतात आणि पुढे सरकत असल्याची भावना टिकते. अनेक रांगांतून कथेची पार्श्वभूमी सांगणारे देखावे मांडलेले असतात. प्रवेशापाशी प्रतीक्षेचा अंदाज फलकावर लावलेला असतो. मॅजिक किंग्डममधील 'डंबो' या उडत्या हत्तींच्या पाळण्याची २०१२ मध्ये दुप्पट उभारणी झाली, तेव्हा रांगेच्या जागी मुलांसाठी झाकलेले खेळघर बांधण्यात आले. वाट पाहताना मूल उभे राहण्याऐवजी खेळत राहावे, हा त्यामागचा हेतू होता.

रांग व्यवस्थापनाच्या पद्धती

साधी रांग: प्रथम येणाऱ्यास प्रथम प्रवेश या तत्त्वावर चालणारी ही मूळ पद्धत आहे. तिच्यासाठी वेगळे शुल्क नसते.

वेळ राखून ठेवण्याची पद्धत: डिस्नेने १९९९ मध्ये 'फास्टपास' सुरू केला. राइडपाशी असलेल्या यंत्रातून परतीची वेळ छापलेली चिठ्ठी विनाशुल्क मिळे व त्या वेळी वेगळ्या रांगेतून प्रवेश दिला जाई. पुढे वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये तिची जागा 'फास्टपास प्लस' या मनगटपट्टी व मोबाइलवर चालणाऱ्या पद्धतीने घेतली. मार्च २०२० मध्ये कोविड-१९ साथीमुळे उद्यान बंद झाल्यावर ती खंडित झाली व पुन्हा सुरू झाली नाही.

सशुल्क रांग: ऑक्टोबर २०२१ पासून वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये 'जिनी प्लस' ही सशुल्क सेवा सुरू झाली. जुलै २०२४ मध्ये तिचे नाव बदलून 'लाइटनिंग लेन मल्टी पास' करण्यात आले आणि काही राइडच्या वेळा आगाऊ निवडण्याची सोय देण्यात आली. संकुलातील हॉटेलांत राहणाऱ्यांना ही निवड सात दिवस आधी, तर इतरांना तीन दिवस आधी करता येते. सर्वाधिक मागणीच्या काही राइडसाठी स्वतंत्र शुल्क आकारले जाते.

आभासी रांग: यात पाहुणा मोबाइलवर गट क्रमांक घेतो व क्रमांक येईपर्यंत इतरत्र फिरतो. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'स्टार वॉर्स: राइज ऑफ द रेझिस्टन्स' या राइडसाठी ती वापरली गेली. जागा काही मिनिटांत संपत असल्याने नेमक्या वेळी मोबाइल हाती असणे आवश्यक ठरे.

एकट्या व्यक्तीची रांग: गट बसल्यानंतर रिकामी राहिलेली आसने भरण्यासाठी काही राइडवर एकट्याने बसण्यास तयार असलेल्यांची वेगळी रांग असते. ती सहसा लवकर सरकते. तथापि कुटुंबाला एकत्र बसता येत नाही आणि लहान मुलांसाठी ती सोयीची नसते.

मराठी वाचकांना परिचित असलेली देवस्थानांतील दर्शनबारीही याच प्रश्नाचे उत्तर शोधते. पंढरपुरात पदस्पर्शदर्शन आणि मुखदर्शन यांच्या रांगा वेगळ्या असतात, तर तिरुमला येथे ठरावीक वेळेचे सशुल्क विशेष प्रवेशदर्शन आहे. सेवेनुसार रांग विभागणे आणि वेळेनुसार रांग विभागणे, या दोन्ही कल्पना थीम पार्कमध्येही आढळतात.

कौटुंबिक सहलीचे नियोजन

दिवस आणि तिकीट

गर्दी टाळण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे दिवसाची निवड. शाळेच्या सुट्टीमुळे ती शक्य नसेल, तर आठवड्याच्या मधला दिवस शनिवार–रविवारपेक्षा बहुधा बरा ठरतो. मोठ्या उद्यानांत तिकिटाचा दर तारखेनुसार बदलतो. डिस्नेलँड आणि वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या दोन्ही ठिकाणी २०१६ पासून ही पद्धत लागू आहे. त्यामुळे दरपत्रक हेच गर्दीचे ढोबळ पंचांग ठरते. ज्या दिवसाचा दर अधिक, त्या दिवशी उद्यानाला अधिक गर्दी अपेक्षित असते. अमेरिकेतील डिस्ने उद्यानांत तीन वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य असतो आणि तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना बालतिकीट लागते.

उंची आणि वय

राइडच्या किमान उंचीची अट सुरक्षिततेसाठी असते आणि ती शिथिल केली जात नाही. मॅजिक किंग्डममधील 'सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन' साठी ९७ सेंटीमीटर, 'स्पेस माउंटन' साठी ११२ सेंटीमीटर आणि 'ट्रॉन' साठी १२२ सेंटीमीटर उंची आवश्यक असते. तासभर रांगेत उभे राहिल्यावर मुलाला परत पाठवले जाणे हा कौटुंबिक सहलीतील सर्वांत दुःखद प्रसंगांपैकी एक असतो. घरीच मुलाची उंची मोजून कोणत्या राइड शक्य आहेत हे त्याला आधी सांगितल्यास तो टळतो.

भावंडांपैकी एकाची उंची कमी पडत असेल, तर डिस्नेच्या उद्यानांत 'रायडर स्विच' ही सोय मिळते. एक पालक लहान मुलाजवळ थांबतो व दुसरा मोठ्या मुलासह राइडमध्ये बसतो. त्यानंतर पालकांची अदलाबदल होते आणि दुसऱ्या पालकाला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. अशी सोय इतर अनेक उद्यानांतही वेगवेगळ्या नावांनी उपलब्ध असते. तिच्याविषयी रांगेत शिरण्यापूर्वीच कर्मचाऱ्यांना विचारावे लागते.

सकाळ

उद्यान उघडण्याच्या वेळी 'पोहोचणे' आणि त्या वेळी 'आत असणे' यांत मोठा फरक असतो. मॅजिक किंग्डमला स्वतःच्या वाहनाने येणाऱ्यांना प्रथम मुख्य वाहनतळावर उतरून मोनोरेलने किंवा बोटीने तलावापलीकडील प्रवेशद्वारापर्यंत जावे लागते. मोनोरेल किंवा बोटीत चढण्यापूर्वी सुरक्षा तपासणी आणि प्रवेशद्वारापाशी तिकीट तपासणी असते. संकुलातील हॉटेलांत राहणाऱ्यांना अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. त्यामुळे बाहेरून येणारे कुटुंब वेळेवर आले तरी काही राइडसमोर रांग आधीच लागलेली असते. पहिल्या तासात कमी क्षमतेची किंवा सर्वांत लोकप्रिय राइड घेणे आणि मोठ्या क्षमतेच्या बोटींच्या व अखंड साखळीच्या राइड दुपारसाठी ठेवणे, असा क्रम सामान्यतः सुचवला जातो.

अग्रक्रम ठरवताना कुटुंबातील प्रत्येकाने एकेक राइड निवडावी आणि त्या आधी पूर्ण कराव्यात, ही पद्धत गर्दीच्या दिवशी उपयुक्त ठरते. चौघांच्या कुटुंबात चार राइड निश्चित होतात. वर दिलेल्या सरासरीच्या मर्यादेत त्या बसतात आणि कोणाचाही दिवस पूर्णपणे वाया जात नाही.

दुपार

ऐन दुपारी रांगा सर्वांत लांब आणि ऊन सर्वांत कडक असते. या वेळेत बंदिस्त व वातानुकूलित प्रयोग पाहणे, जेवणे किंवा जवळच मुक्काम असल्यास परत जाऊन झोप घेणे असे पर्याय असतात. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी गडगडाटी पाऊस वारंवार येतो आणि विजांमुळे उघड्यावरील राइड थांबवल्या जातात. त्या वेळी बंदिस्त राइडच्या रांगा अचानक वाढतात. हलके रेनकोट आणि मुलांसाठी कोरडे कपडे जवळ ठेवण्याची गरज त्यामुळे पडते.

जेवणाच्या नेहमीच्या वेळेच्या तासभर आधी किंवा नंतर जेवल्यास खाद्यगृहातील रांग टळते. मोबाइलवरून आगाऊ मागणी नोंदवण्याची सोय अनेक उद्यानांत आहे. वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये घरचे खाद्यपदार्थ आत नेता येतात, मात्र काचेच्या बाटल्यांना मनाई असते. लहान मुलाच्या खाण्याच्या वेळा पाळणे हा नियोजनाचा दुय्यम भाग मानला जातो. प्रत्यक्षात भुकेले व पेंगुळलेले मूल रांगेत असेल, तर संपूर्ण कुटुंबाचे वेळापत्रक कोलमडते.

चालणे आणि बाबागाडी

मोठ्या उद्यानात दिवसभरात अनेक किलोमीटर चालणे होते. एरवी बाबागाडी न वापरणाऱ्या चार-पाच वर्षांच्या मुलांनाही तिची गरज भासू शकते. वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये मे २०१९ पासून ७९ सेंटीमीटरपेक्षा रुंद किंवा १३२ सेंटीमीटरपेक्षा लांब बाबागाडी आत नेता येत नाही. वृद्धांसाठी चाकांच्या खुर्च्या भाड्याने मिळतात, पण गर्दीच्या दिवशी त्या लवकर संपण्याची शक्यता असते.

संध्याकाळ आणि परतीचा प्रवास

आतषबाजी संपताच हजारो लोक एकाच दिशेने बाहेर पडतात. या वेळी प्रवेशद्वार, बोट व मोनोरेल यांच्या रांगा दिवसातील सर्वांत मोठ्या रांगांपैकी असतात. लहान मुलांसह असलेल्या कुटुंबाने कार्यक्रमापूर्वी निघणे किंवा तो संपल्यानंतर अर्धा-पाऊण तास आतच बसून गर्दी ओसरू देणे अधिक सोयीचे ठरते. उद्यान बंद होण्यापूर्वी रांगेत शिरलेल्यांना सहसा राइड मिळते. त्यामुळे मोठी मुले असलेली कुटुंबे लोकप्रिय राइड शेवटासाठी राखून ठेवतात.

सुरक्षितता

गर्दीत मूल हरवणे ही सर्वांत सामान्य आपत्ती आहे. प्रवेश करतानाच मुलाला गणवेशातील कर्मचारी व त्यांचा नावाचा बिल्ला दाखवून ठेवणे, पालकाचा दूरध्वनी क्रमांक मुलाच्या मनगटावर किंवा कपड्याच्या आतील बाजूस लिहिणे आणि सकाळी निघताना मुलाचे त्या दिवशीच्या कपड्यांतील छायाचित्र काढणे, हे प्रचलित उपाय आहेत. मुलाचे नाव कपड्यांवर ठळक दिसेल असे लिहिणे टाळले जाते, कारण अनोळखी व्यक्ती त्या नावाने हाक मारून मुलाचा विश्वास मिळवू शकते. मूल चुकल्यास शोधाशोध करत दूर जाण्यापूर्वी जवळच्या कर्मचाऱ्याला लगेच सांगणे महत्त्वाचे असते. मॅजिक किंग्डममध्ये प्रथमोपचार केंद्राशेजारी बालसंगोपन केंद्र असून तेथे बालकांना पाजण्याची व कपडे बदलण्याची सोय आहे.

उष्माघाताचा धोका लहान मुलांना व वृद्धांना अधिक असतो. तहान लागण्याची वाट न पाहता ठरावीक अंतराने पाणी पिणे, टोपी घालणे आणि चक्कर, मळमळ किंवा अतिथकवा जाणवल्यास सावलीत जाऊन मदत मागणे आवश्यक ठरते.

दाट गर्दीचा धोका वेगळ्या प्रकारचा असतो. पादचारी नियोजनाचे अभ्यासक जॉन फ्रुइन यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, प्रति चौरस मीटर सुमारे सात माणसांइतकी घनता झाल्यावर गर्दी एखाद्या द्रवाप्रमाणे वागू लागते आणि व्यक्तीचा स्वतःच्या हालचालीवर ताबा राहत नाही. अशा वेळी मुलाला बाबागाडीत ठेवण्याऐवजी उचलून घेणे, गर्दीच्या प्रवाहाविरुद्ध न जाता तिरकस दिशेने कडेला सरकणे आणि भिंत किंवा कठड्याला दाबले जाईल अशी जागा टाळणे सुरक्षित मानले जाते.

२००६ मध्ये पूर्व आशियात घडलेल्या दोन घटना या संदर्भात उल्लेखनीय आहेत. चांद्र नववर्षाच्या सुट्टीत हाँगकाँग डिस्नेलँड पूर्ण भरल्याने वैध तिकिटे असलेल्या अनेकांना बाहेर रोखण्यात आले. तिकिटांवर विशिष्ट तारखेचे बंधन नसल्याने किती लोक येतील याचा अंदाज चुकला होता. संतप्त पाहुण्यांनी फाटकावरून चढण्याचा प्रयत्न केला, तर काही पालकांनी मुलांना कुंपणावरून पलीकडे दिले. त्यानंतर उद्यानाने अशा विशेष दिवसांसाठी निश्चित तारखेची तिकिटे लागू केली. त्याच वर्षी मार्चमध्ये दक्षिण कोरियातील सोल येथील लोट्टे वर्ल्डने विनामूल्य प्रवेश जाहीर केल्यावर क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक लोक जमले आणि चेंगराचेंगरीत अनेक जण जखमी झाले. तिकिटावर तारीख छापण्यामागे केवळ व्यावसायिक हेतू नसतो, तर सुरक्षिततेचाही विचार असतो, हे या घटनांवरून लक्षात येते.

समन्यायाचा प्रश्न

सशुल्क रांगेमुळे राइडची क्षमता वाढत नाही. आहे त्याच जागांचे वाटप वेगळ्या प्रकारे होते. तासाला १,२०० लोक नेणाऱ्या राइडच्या दोन तृतीयांश जागा राखीव रांगेला दिल्या, तर साध्या रांगेसाठी ४०० जागा उरतात. तेथे पुढे ९०० लोक असल्यास ४५ मिनिटांची प्रतीक्षा सव्वादोन तासांवर जाते. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील रिचर्ड लार्सन यांनी १९८७ मधील लेखात रांगेला सामाजिक न्यायाच्या दृष्टीने पाहिले आणि मागून आलेला पुढे गेल्यास लोकांना प्रतीक्षेपेक्षा अन्यायाचा अधिक त्रास होतो, याकडे लक्ष वेधले.

या पद्धतीचे समर्थक सांगतात की, दूरच्या प्रवासाने आयुष्यात एकदाच येणाऱ्या कुटुंबाला तिच्यामुळे निश्चितता मिळते. टीकाकारांच्या मते, पूर्वी सर्वांना विनाशुल्क मिळणारी सोय विकली जात असून तिकिटासाठी बचत करून आलेल्या कुटुंबाची प्रतीक्षा त्यामुळे लांबते.

अपंग व्यक्तींसाठीच्या सोयीबाबतही असाच वाद झाला. सवलतीच्या दुरुपयोगाच्या बातम्यांनंतर डिस्नेने २०१३ मध्ये जुनी पद्धत बदलून नवी 'डिसॅबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस' आणली. या सेवेत थेट प्रवेशाऐवजी रांगेच्या कालावधीइतकी परतीची वेळ दिली जाते. २०२४ मध्ये तिचे निकष आणखी कडक करण्यात आले. त्यामुळे गरजू कुटुंबांवर अन्याय होतो, अशी तक्रार काही पालकांनी केली.

भारतातील स्थिती

भारतातील आधुनिक मनोरंजन उद्यानांची सुरुवात १९८० च्या दशकात झाली. दिल्लीतील अप्पू घर १९८४ मध्ये, तर मुंबईजवळ गोराई येथील एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले. एस्सेल वर्ल्डला जाण्यासाठी अनेक कुटुंबे खाडी ओलांडणाऱ्या होडीचा वापर करीत, त्यामुळे सहलीच्या वेळापत्रकात परतीच्या होडीची वेळही धरावी लागे. रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळील इमॅजिका हे उद्यान २०१३ मध्ये 'ॲडलॅब्ज इमॅजिका' या नावाने सुरू झाले. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाच्या जवळ असल्याने दोन्ही शहरांतून तेथे एका दिवसात जाऊन येता येते. साहजिकच सलग सुट्ट्यांत उद्यानातील रांगेबरोबर मार्गावरील वाहतूक कोंडीचाही विचार करावा लागतो. दक्षिण भारतात वंडरला समूहाची उद्याने असून तेथे लवकर प्रवेश देणारे अधिक दराचे तिकीट मिळते.

महाराष्ट्रात गर्दीचे काळ दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नववर्ष आणि एप्रिल–मे महिन्यांतील उन्हाळी सुट्टी हे होत. हिवाळ्यात शाळांच्या सहलीही येत असल्याने कामाच्या दिवशी मोकळे असेल अशी अपेक्षा फोल ठरू शकते. उन्हाळ्यात वॉटर पार्कमध्ये गर्दी अधिक असते. तेथे पोहण्याचा योग्य पोशाख आवश्यक असतो, आणि कपडे बदलण्याच्या खोल्या व लॉकर यांच्याही रांगा लागतात. भारतातील काही उद्यानांत बालतिकीट वयाऐवजी उंचीवर ठरते. अनेक ठिकाणी बाहेरचे खाद्यपदार्थ नेण्यास मनाई असते, त्यामुळे तान्ह्या बाळाचा आहार किंवा पथ्याचे पदार्थ नेण्याबाबत उद्यानाचा नियम आधी पाहणे आवश्यक ठरते. आजी-आजोबांसह येणाऱ्या संयुक्त कुटुंबांचे प्रमाण भारतात मोठे असल्याने बसण्याची जागा, सावली आणि पुन्हा एकत्र येण्याचे ठरलेले ठिकाण यांना येथील नियोजनात राइडइतकेच महत्त्व असते.